पीळ मोजणारा पाना

आमच्या घराण्यात हात दोनच प्रकारचे. एक बाबांचा, तो हलका. दुसरा माझा, तो जड. बँकेत मी चलनावर शिक्का मारला की शेजारच्या काउंटरवरचा टाचण्यांचा डबा दचकतो. बाबांनी कल्याणात छत्तीस वर्षे गॅरेज चालवले, त्यातली निम्मीअधिक फियाटच्या बॉनेटखाली डोके घालून. कुठला बोल्ट किती आवळायचा हे त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही कुणाला सांगितले नाही. "हाताला कळतं," एवढेच म्हणायचे. माझ्या हाताला ते कधीच कळले नाही, म्हणून मला कॉमर्सला घातले.

गेल्या पावसाळ्यात मात्र दोन्ही हातांनी एकाच आठवड्यात दगा दिला. आमची गाडी म्हणजे मारुती 800. मी तिचा तिसरा मालक. तीन सिलिंडर, तीन प्लग, त्यामुळे हिशेबाला सोपी. प्लग काढून, साफ करून पुन्हा बसवण्याचे काम अजून बाबांकडे होते. वय अठ्ठ्याहत्तर, उजवा हात चहाच्या कपाशी थोडी हुज्जत घालतो, पण पाना धरला की स्थिर, अशी घरातली समजूत. त्या रविवारी त्यांनी प्लग बसवले आणि सोमवारी पत्रीपुलावर गाडी फुस् फुस् करत खोकू लागली. बॉनेट उघडून पाहतो तो मधला प्लग ढिला! बाबांनी बसवलेला प्लग ढिला, म्हणजे आमच्या घरात सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखे होते.

ही बातमी घरी न्यायची नाही असे ठरवून मी स्वतः पाना घेतला. पुन्हा म्हणून हा ढिला होता कामा नये, अशा जिद्दीने आवळला. आवळत गेलो, आवळत गेलो आणि एकाएकी तो मऊ लागला. ज्यांनी कधी बोल्ट आवळलेला नाही त्यांना सांगतो, कडक होत चाललेला बोल्ट मध्येच लोण्यासारखा मऊ झाला तर आनंद मानू नये. आटे गेलेले असतात. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. त्या भांडणात कोण जिंकणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही. पुढे हेडला नवे आटे बसवून घ्यावे लागले आणि त्या बिलात यंदाची एल.एफ.सी., म्हणजे आम्हा बँकवाल्यांची सहकुटुंब सहल, कल्याणातच आटोपली.

बाबांना अर्थातच कळले. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. ते फक्त गाडीकडे जायचे बंद झाले. संध्याकाळी खाली उतरायचे, गाडीला लांबून वळसा घालायचे आणि बाकावर जाऊन तिच्याकडे पाठ करून बसायचे.

"त्यांच्या हातात काहीतरी द्या हो," सौ. म्हणाली. "पण काठी देऊ नका."

मी टॉर्क रेंच घ्यायचे ठरवले ते त्या रात्री. टॉर्क रेंच म्हणजे बोल्टला किती पीळ बसला ते सांगणारा पाना. आता कुठलीही वस्तू घेण्याआधी तिची जन्मकुंडली पाहायची ही माझी कर्जखात्यातली खोड. ग्राहक दारात आला की आम्ही त्याची केवायसी करतो, तशी मी या पान्याची केली. चार रात्री गेल्या, पण माणसे मोठी नामांकित भेटली.

सुरुवात आर्किमिडीजपासून करावी लागते, कारण तरफेचा विषय निघाला की तो बोलावल्याशिवाय येतोच. टेकू द्या, मी पृथ्वी हलवतो, अशी त्याची बढाई प्रसिद्ध आहे. किती लांबीच्या दांड्यावर किती जोर, एवढा हिशेब त्याने दिला. पण हलवलेली पृथ्वी पुन्हा जागेवर बसवताना किती आवळायची याबद्दल त्याने अवाक्षर काढलेले नाही. ते काम त्याने आमच्यासारख्यांवर ठेवले. 'टॉर्क' हा शब्दसुद्धा फार उशिरा आला. 1884 साली तो छापील मजकुरात दिसू लागला आणि तो सुचवण्याचे श्रेय जेम्स थॉमसन या प्राध्यापकाला देतात. प्रसिद्ध लॉर्ड केल्विन यांचा हा थोरला भाऊ. शब्द लॅटिनमधला, अर्थ पिळणे. आपल्याकडे सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हे आजी-पणजीपासून सर्वांना ठाऊक, पण तो पीळ मोजावा हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

मोजायची गरज तरी कुठे होती? 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडात आट्यांचे माप ठरवून देईपर्यंत या कारखान्याचा बोल्ट त्या कारखान्याच्या नटात जाईल याचीच खात्री नसे. गेला हेच नशीब; किती आवळला हे कोण विचारतो!

विचारले ते पाणीखात्यातल्या माणसाने. कॉनरॅड बार हे त्याचे नाव, नोकरी न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात. मोठ्या पाइपांच्या तोंडाला चकतीसारख्या कडा असतात. दोन कडा समोरासमोर आणून, मध्ये गास्केट घालून, गोल फिरून बोल्ट आवळायचे. आता आठ बोल्ट आवळायला गेलेल्या माणसाचे काय होते? पहिला बोल्ट उत्साहात, चौथा कर्तव्यबुद्धीने आणि आठवा जेवणाच्या सुट्टीत. गास्केट एका बाजूने चेपते, दुसऱ्या बाजूने सैल राहते आणि पाणी आपले कायदेशीर हक्क बजावते. एकाच पाइपावरचे बोल्ट असे वेगवेगळे आवळलेले पाहून हा बार वैतागला. ठरावीक जोराच्या पुढे आवळूच न देणारे हत्यार आपण 1918 साली केले, असा त्याचा दावा. जॉर्ज फेफर्ले नावाच्या इंजिनियरबरोबर त्याने पेटंट मिळवले ते मात्र 1935 साली. कमी-जास्त करता येणारा आणि हवा तितका पीळ बसला की आवाज करून सांगणारा तो पाना. 1918 ते 1935 म्हणजे सतरा वर्षे. सरकारी नोकरीतल्या माणसाला हा काळ अवास्तव वाटणार नाही. दरम्यान 1931 मध्ये शिकागोच्या जॉन शार्पने पीळ दाखवणाऱ्या पान्याच्या पेटंटचा अर्ज आधीच टाकलेला होता. खिडकी उघडायच्या आत रांगेत उभा असलेला असा एक तरी ग्राहक प्रत्येक गोष्टीत असतो.

पण मला खरा आवडला तो वॉल्टर क्रायस्लर. मोटारी करणारा क्रायस्लर तोच. हा मूळचा रेल्वेच्या कारखान्यातला पोऱ्या, कॅन्सस राज्यातल्या एलिस गावचा. उमेदवारीत असताना हत्यारे विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून याने ती स्वतः घडवली. पुढे न्यूयॉर्कात त्याच्या नावाची गगनचुंबी इमारत 1930 मध्ये उभी राहिली, तेव्हा अगदी वरच्या मजल्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहायला त्याने काय ठेवावे? ती हत्यारांची पेटी! आमच्या बाबांची पेटी माळ्यावर आहे, सौ.ने तिच्यावर दिवाळीच्या पणत्यांचे खोके ठेवले आहे.

याच क्रायस्लरने 1908 साली शिकागोच्या प्रदर्शनात लोकोमोबिल नावाची मोटार पाहिली. किंमत पाच हजार डॉलर. खिशात सातशे. पगार महिना साडेतीनशे. चार हजार तीनशेचे कर्ज त्याने बँकेतून काढले, मित्राची जामीनदार म्हणून सही घेऊन. मी हे प्रकरण रीतसर तपासले. स्वतःचा वाटा चौदा टक्के, कर्ज वर्षभराच्या पगाराहून जास्त, आणि अर्जदाराला मोटार चालवता येत नाही! आमच्या शाखेत हा अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेलाच नसता आणि जगात एक मोटार कंपनी कमी झाली असती. गाडी रेल्वेने घरी आणली, कोठारात लावली, आणि बायकोला वाटले की आता फिरायला नेणार. याने ती सुटी केली. पुन्हा जोडली. पुन्हा सुटी केली. असे कित्येक महिने. हप्ते चालू, गाडी जमिनीवर पसरलेली. त्या माउलीने काय सोसले असेल ते आमच्या हिने ऐकता ऐकता दोनदा सुस्कारे टाकून नोंदवले.

तर या क्रायस्लरच्या कारखान्यात, साधारण 1930 च्या आगेमागे, दांडीचा पाना तयार झाला. त्यात यंत्र म्हणून काही नाहीच. एक पोलादी दांडी आवळताना किंचित वाकते, तिच्याशेजारची बारीक काडी वाकत नाही, आणि दोघींमधले अंतर खालच्या पट्टीवर आकड्यात दिसते. पॉल स्टर्टेव्हंट या विक्री प्रतिनिधीने क्रायस्लरकडून तो बनवण्याचा परवाना मिळवला, 1938 मध्ये पेटंटही घेतले, आणि टॉर्क रेंच दुकानात विकणारा पहिला माणूस तोच म्हणतात. कल्पना एकाची, गिरणी दुसऱ्याची, पीठ तिसऱ्याचे. बँकेत राहून मला याचे नवल उरलेले नाही.

रोज लोकल कुर्ल्यावरून जाते तेव्हा मला आता क्रायस्लर आठवतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. आणि सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्याच डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. फियाट नंतर आली. तिचीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. हा ऐतिहासिक शोध मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितला.

"मला काय सांगतोस?" बाबा पेपरातून डोके न काढता म्हणाले. "फार्गोच्या ट्रकखाली शिकलोय मी. तोही त्यांचाच."

तीन आठवड्यांत गाडीविषयी ते बोललेले हे पहिले वाक्य. मी लगेच दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोर्टातून नागदेवी स्ट्रीटला गेलो.

"किती सूत?" दुकानदार शेठने विचारले. मी म्हटले, सूत नको, पाना हवा. तेव्हा कळले की पान्याच्या टोकाचा चौकोनी खुंट, ज्यावर गोटी बसते, तो सुतावर मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. दोन सूत, तीन सूत, चार सूत असे तीन आकार घरगुती कामाला लागतात. मी मध्यमवर्गीय विचाराने चार सुताचा सर्वात मोठा मागितला: एकदाच घ्यावा, चाकापासून प्लगापर्यंत सगळ्याला चालावा. शेठ हसला. "साहेब, वखारीच्या काट्यावर सोनं तोलणार काय?"

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लहान गाडीच्या चाकाचे नट शंभर न्यूटन-मीटरच्या आगेमागे आवळतात. प्लगला पंचवीसच्या आसपास पुरतो. आणि दहाच्या पान्याने फिरणारे बारके बोल्ट असतात ते दहाच्या आतबाहेरच समाधानी असतात. चार सुताचा पाना दोनशेपर्यंत मोजतो, पण तळाच्या आकड्यांवर त्याचा भरवसा नाही. या पान्यांची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धती आहे, 6789 क्रमांकाची, तीसुद्धा पान्याची परीक्षा त्याच्या कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांपासून वर घेते. खालच्या वीस टक्क्यांत त्याने काय दिवे लावले ते विचारत नाही. तेव्हा आपले नेहमीचे काम जिथे पट्टीच्या मध्यावर पडेल तो पाना घ्यावा. मला प्लगासाठी हवा होता. तीन सुताचा, दहा ते साठ न्यूटन-मीटर, हा निकाल तिथेच लागला.

मग जात ठरवायची राहिली. दांडीचा सर्वात स्वस्त, बिघडायला त्यात काही नाही, पण पट्टी समोरून नीट वाचावी लागते, आणि बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. आकडे झळकवणारा डिजिटल, त्याला सेल लागतो आणि किंमत ऐकून मलाच थरथर सुटली. उरला कट्-आवाजवाला, बारसाहेबांचा वंशज. मूठ फिरवून आकडा लावायचा आणि आवळत जायचे. तेवढा पीळ बसला की आतली कळ सुटते आणि 'कट्' वाजते. पण बाबांचा डावा कान गॅरेजातल्या ठोकाठोकीत केव्हाच गेलेला. एका पान्याला डोळा हवा, दुसऱ्याला कान, तिसऱ्याला पैसा. तिन्ही खात्यांत शिल्लक कमी. शेवटी म्हटले, कान निदान एक तरी शाबूत आहे. शेठने अडीच हजार सांगितले, बावीसशेला दिला.

त्यात चार टक्क्यांची चूक धरावी लागते, असे तो जाताजाता म्हणाला. प्रमाणपद्धतीही एवढी चूक मान्य करते. दहा किंवा त्याहून लहान पान्यांना तर सहा टक्के. माझ्या रोकडीत चार टक्क्यांचा फरक पडला तर मला मेमो मिळेल, पान्याला प्रमाणपत्र मिळते. आणि खरी गंमत पुढेच आहे. आपण बोल्टावर जो जोर खर्च करतो त्यातला साधारण निम्मा त्याच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणून दोन भाग घट्ट धरायच्या मूळ कामाला उरतात दहा टक्के. सरकारच्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोहोचतात असे राजीव गांधी 1985 साली म्हणाले होते. बोल्ट त्याहून गरीब. म्हणूनच कोरड्या आट्याला दिलेला आकडा तेल लागलेल्या आट्याला लावू नये. घर्षण घटते, ताणाचा वाटा फुगतो आणि पान्याने कट् म्हणूनही आटे जातात.

पाना स्वस्त, तेव्हा त्याची झडती घेणे भाग होते. इथे आर्किमिडीज पुन्हा कामाला आला. दहा किलो वजन पाव मीटरवर टांगले की होतात अडीच किलो-मीटर. जुन्या पुस्तिका याच चलनात बोलतात. एकाचे 9.8 न्यूटन-मीटर, या दराने बदलून घेतले की साडेचोवीस. बाबांचा व्हाइस बाल्कनीत होताच. त्यात जाड बोल्ट धरला, वर गोटी, तीत पाना आडवा, आणि मुठीला दोरीने तांदळाची दहा किलोची पिशवी.

"तो इंद्रायणी आहे," सौ. दारातून म्हणाली. "सांडलात तर एकेक दाणा वेचायचा."

पहिल्या खेपेस हिशेब काही जुळेना. वीसवर लावला तरी पाना गप्प. मी शेठला मनात नावे ठेवू लागलो, एवढ्यात मागून एक हात आला. थरथरणारा. त्याने दोरीची गाठ सोडवली आणि बोटभर पुढे सरकवून मुठीच्या बरोबर मध्यावर बांधली.

"मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं असतं," बाबा म्हणाले. "टेप कुठून धरलास तू?"

टेप मी गोटीच्या कडेपासून धरला होता. पुन्हा मोजले, पुन्हा बांधले. चोवीसवर पिशवी सोडताच कट्! सत्तावीसवर लावला, पिशवी लोंबकळत राहिली, पाना मुकाट. बावीसशे रुपये सत्कारणी लागले. मी पान्याचे नियम वाचून दाखवले: याने कधी बोल्ट सोडवायचा नाही, आपटायचा नाही, काम झाले की मूठ सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. बाबांनी ते सगळे सुनेच्या माहेरच्या मंडळींचे ऐकावे तसे ऐकून घेतले.

रविवारी ते माझ्याबरोबर खाली आले. गाडीला वळसा घातला नाही. थंड इंजिनात तिन्ही प्लग त्यांनी आधी बोटांनी फिरवून बसवले, मग आपल्या जुन्या प्लग-पान्याने आवळले आणि बाजूला झाले.

"बघ तुझ्या यंत्रानं."

मी पंचवीस लावला. पहिला प्लग: जागचा हलला नाही, कट्. दुसरा: कट्. तिसरा मात्र चांगला कुरकुरत फिरला आणि मग कट् झाले. मी बॉनेटमध्येच पाहत राहिलो. वर पाहायचा धीर होईना.

"जास्त आवळलं असतं तर तो काय म्हणतो?" बाबांनी विचारले.

"तेच. कट्."

"म्हणजे पहिले दोन बरोबर आहेत की जास्त आहेत, हे त्याला कळत नाही."

नाही कळत. हा प्रश्न मला चार रात्रींच्या इतिहासात एकदाही पडला नव्हता. पाना पुढची चूक थांबवतो, झालेली ओळखत नाही.

"मग सोड तिन्ही," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून आवळू. आण इकडे तो."

त्यांनी पाना घेतला. मूठ हातात बसवली, दोनदा वजन पाहिले, आणि पहिल्या प्लगवर सावकाश ओढू लागले. मी त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे चालू कानाच्या बाजूला, उभा राहिलो. वर कुणाच्या तरी घरी टीव्ही मोठ्याने चालला होता, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. बारीकसे कट् झाले आणि बाबांचा हात तिथेच थांबला.

"ऐकू आलं?" मी विचारले.

"वाजलं का?" बाबा म्हणाले. "मला हाताला लागलं."

आणि त्यांनी दुसऱ्या प्लगकडे पाना वळवला.